बंद फौंड्रीच्या जागेवर २२० फ्लॅट: महापालिकेला काय विचारायचं आणि कधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला, तुमच्या कॉलनीला लागून, तीन एकरांवर एक जुनी फौंड्री, म्हणजे धातू वितळवून ओतायचा कारखाना, आणि तिचं मशीन शॉप होतं. ते बंद पडून दहा-बारा वर्षं झाली. आता तिथं अकरा मजल्यांच्या चार इमारती, २२० फ्लॅट आणि तळघरात पार्किंग अशी योजना आली आहे. शेड पाडायला सुरुवात झाली आहे आणि मागच्या ओढ्याच्या कडेला काळ्या मातीचे ढीग लागलेत. कॉलनीच्या बैठकीत ‘महापालिकेच्या सभेत प्रकल्प नामंजूर करून घ्यायचा’ असं ठरलं, आणि नगरसेवकांना द्यायच्या निवेदनात काय लिहायचं हे तुम्ही विचारताय.

मी नगररचनेच्या कामात एकोणतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी बांधकाम परवानगीच्या फायली तपासण्यात. तुम्हाला आवडणार नाही अशी गोष्ट आधी सांगते. प्रकल्प नामंजूर करा असं निवेदन देऊ नका. एक तर त्यानं काही होणार नाही. दुसरं म्हणजे, त्या जागेवर घरं होणं मला मनापासून योग्य वाटतं.

कोल्हापूरची हद्द १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून तीच आहे, ६६.८२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत या हद्दीत साडेपाच लाख माणसं होती. एवढ्या जागेत नवीन घरं कुठं होणार? एक तर पंचगंगेच्या काठच्या शेतात भराव टाकून, नाही तर शहराच्या पोटातल्या वापरून झालेल्या जागांवर. पहिल्या प्रकाराची किंमत आपण २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत मोजली आहे. दुसऱ्या प्रकारात रस्ता, पाणी, शाळा, दवाखाना, केएमटीचा बसथांबा आधीपासून असतो. त्यामुळं बंद कारखान्याच्या जागेवर घरं आली तर मी स्वागत करते. पण ती जागा म्हणजे कोरं शेत नाही. तिथं तीस-चाळीस वर्षं लोखंड वितळलंय, तेल सांडलंय. त्या जमिनीखाली काय आहे हे उकरून, तपासून, कागदावर आल्याशिवाय आणि त्याप्रमाणं अट लिहिली गेल्याशिवाय पायाची खोदाई होऊ द्यायची नाही, एवढीच मागणी धरा. ती मान्य होण्यासारखी आहे, आणि मान्य झाली तर तुमच्या कॉलनीचं आणि त्या २२० घरांत येणाऱ्या लोकांचंही भलं होईल.

आता सभेबद्दल. बऱ्याच जणांना वाटतं की इमारतीची परवानगी महापालिकेच्या सभागृहात मतदानाला येते. तसं नसतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४४ खाली अर्ज येतो आणि कलम ४५ खाली नियोजन प्राधिकरण म्हणून आयुक्तांच्या अधिकारात त्यावर निर्णय होतो. त्यात शेजाऱ्यांच्या हरकती मागवायची, सुनावणी घ्यायची तरतूद नाही. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही आणि प्रस्ताव नियमांत बसणारा असेल तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. परवानगी नाकारली किंवा जाचक अट घातली तर अर्जदाराला कलम ४७ खाली अपील आहे, शेजाऱ्याला नाही. दिलेली परवानगी कलम ५१ खाली मागे घेता येते, पण काम बरंच पुढं गेलं की तेही अवघड होतं आणि भरपाईचा प्रश्न उभा राहतो. म्हणजे तुमचं म्हणणं पोचायचं असेल तर ते प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी, निघायच्या आत पोचलं पाहिजे.

म्हणून पहिलं काम: झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. महापालिकेच्या नगररचना विभागात रीतसर फी भरून मिळतात. जागा विकास आराखड्यात आजही औद्योगिक विभागात आहे की निवासी झाली आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं. निवासी असेल तर फाईल सरळ बांधकाम परवानगीची. औद्योगिक असेल तर डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत अशा जागेवर निवासी वापराला आयुक्तांच्या पातळीवर, अटी घालून, मान्यता देण्याची सोय आहे. सुविधांसाठी जागा सोडणं आणि शेजारच्या चालू उद्योगापासून अंतर राखणं या त्यातल्या अटी. जागेवर एखादं आरक्षण असेल किंवा आराखड्यातला रस्ता सरकवायचा असेल, तर मात्र कलम ३७ चा फेरबदल लागतो. तिथं सभागृहाचा ठराव लागतो, नोटीस प्रसिद्ध होते आणि तुम्हा-आम्हाला हरकत घेता येते. नोटिशीत दिलेली मुदत सांभाळा. मुदतीनंतर आलेल्या शंभर सह्यांपेक्षा मुदतीत आलेलं एक नीट लिहिलेलं पत्र जड असतं.

मग नगरसेवकांचा उपयोग काय? बराच आहे. नोव्हेंबर २०२० ला मागच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं महापालिका प्रशासकांच्या हातात होती. त्या काळात फायलीवर प्रश्न विचारणारं निवडून आलेलं कुणी नव्हतं. जानेवारी २०२६ मध्ये मतदान होऊन आता ८१ जणांचं सभागृह आलं आहे. नगरसेवक प्रशासनाला लेखी प्रश्न विचारू शकतात, लक्षवेधी मांडू शकतात, प्रभाग समितीत विषय घेऊ शकतात. आयुक्तांचं उत्तर सभेच्या इतिवृत्तात जातं. ‘मातीची तपासणी करून घेतली आहे का?’ या प्रश्नाचं ‘नाही’ हे उत्तर एकदा इतिवृत्तात आलं की त्यानंतर तपासणीशिवाय परवानगीवर सही करणं कुणालाच सोपं जात नाही. तुमच्या नगरसेवकांकडून मतदान मागू नका, असे प्रश्न मागा. आणि ते तुम्ही तयार करून द्या. त्यांच्याकडं रोज गटारी, पाणी, दाखले घेऊन माणसं येतात. इतका तांत्रिक प्रश्न त्यांनी स्वतः बसून लिहावा ही अपेक्षा बरोबर नाही.

आता जमिनीकडं येते. माझ्या दृष्टीनं सगळा प्रश्न इथंच आहे.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका बंद फौंड्रीच्या आवारात मालकांच्या परवानगीनं मी गेले होते. बरोबर तिथं बत्तीस वर्षं मोल्डर, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करणारे, म्हणून काम केलेले एक काका होते. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात गवत वाढलेलं, वरून पाहिलं तर साधी पडीक जागा. काका म्हणाले, “बाई, ह्यो सगळा भराव आमीच केलाय. शिफ्ट सुटली की जळकी वाळू ट्रॉलीतनं आणून हितं वतायची. पयलं हितं खड्डा हुता, माणूसभर.” दोन माणसांनी कुदळीनं खड्डा घेतला. वरचं वीतभर राडारोडा आणि माती. त्याखाली काजळीसारखी काळी, हातात घेतली तर बोटांना चिकटणारी वाळू, दोन फुटांपेक्षा जास्त. मध्ये भट्टीतल्या मळीचे, म्हणजे स्लॅगचे, हिरवट काचेसारखे तुकडे, त्यांच्या कडा इतक्या धारदार की एकाचं बोट कापलं. आणखी खाली गेल्यावर फिनेलसारखा वास यायला लागला. काकांनी खिशातून एक जुना चुंबक काढला आणि त्या वाळूवरून फिरवला, तर लोखंडाचा कीस त्याच्यावर केसांसारखा उभा राहिला. मुरूम लागायला साडेचार फूट जावं लागलं. आणि त्या जागेच्या माती तपासणीत कागदावर काय होतं? जमिनीची भारवाहक क्षमता. इमारत पेलेल का एवढंच.

हा फरक नीट समजून घ्या, कारण तुम्हाला सांगितलं जाईल की ‘सॉइल टेस्ट झाली आहे.’ ती स्ट्रक्चरल इंजिनिअरसाठी असते. पायासाठी खडक किती खोल, माती किती भार घेईल, हे त्यात असतं. त्या मातीत शिसं आहे का, क्रोमियम आहे का, तेल मुरलंय का, हे त्यात नसतं. ती वेगळी तपासणी आहे आणि ती मागितल्याशिवाय होत नाही.

फौंड्रीत काय काय असतं हे तुम्ही उद्यमनगरात राहणारे लोक माझ्यापेक्षा चांगलं जाणता, तरी फायलीच्या भाषेत सांगते. साधी मोल्डिंगची वाळू, म्हणजे बेंटोनाइट आणि कोळशाची पूड घातलेली, काळी असली तरी तुलनेनं कमी त्रासाची. कोअरसाठी, म्हणजे साच्यात पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्यासाठी, रेझिन वापरलं असेल तर वापरलेल्या वाळूत फिनॉल राहू शकतो आणि पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपतो. पितळ, गनमेटल ओतत असतील तर शिसं आणि जस्त. मशीन शॉपमध्ये कटिंग ऑइल, कूलंट. प्लेटिंगची, म्हणजे धातूचा मुलामा द्यायची, टाकी असेल तर क्रोमियम आणि निकेल, आणि त्यातलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम हे सगळ्यात वाईट, कारण ते पाण्यात विरघळून विहिरी-बोअरपर्यंत जातं आणि कर्करोगाला कारण ठरतं. फर्नेस ऑइलची टाकी जमिनीखाली असेल तर ती गळत होती का हे वरून कधीच कळत नाही. या सगळ्या गोष्टी प्रत्येक फौंड्रीत असतात असं नाही. तुमच्या शेजारच्या फौंड्रीत काय होतं हे शोधायचं आहे, आणि ते शोधायला खर्च फारसा नाही.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय कोल्हापुरात आहे. तिथं माहिती अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज टाका आणि त्या कारखान्याची जुनी संमतीपत्रं, म्हणजे कारखाना चालवायला मंडळानं दिलेली परवानगी, मागा. संमतीपत्रात उत्पादन काय, इंधन कोणतं, सांडपाणी किती आणि घातक कचरा कोणत्या वर्गाचा किती, हे लिहिलेलं असतं. त्याच अर्जात घातक कचऱ्याची वार्षिक विवरणपत्रं आणि तो कचरा अधिकृत ठिकाणी पाठवल्याच्या पावत्या मागा. संमतीपत्रात वर्षाला अमुक टन लिहिलंय आणि पावत्या एकाच वर्षाच्या आहेत, असं निघालं तर बाकीचा माल कुठं गेला हा प्रश्न आपोआप उभा राहतो. बहुतेक वेळा त्याचं उत्तर आवाराच्या मागच्या कोपऱ्यात असतं. माहिती अधिकारात फाईल प्रत्यक्ष पाहण्याचाही हक्क आहे, तो वापरा. फाईल चाळताना ज्या गोष्टी दिसतात त्या मागितलेल्या झेरॉक्समध्ये येत नाहीत.

मग महापालिकेकडं आणि मंडळाकडं मागणी अशी करा: मान्यताप्राप्त, एनएबीएल दर्जाच्या प्रयोगशाळेकडून माती आणि भूजल तपासावं. नमुने कुठले घ्यायचे हे बिल्डरनं एकट्यानं ठरवू नये. भट्टीजवळ, वाळूच्या आवारात, स्क्रॅप यार्डात, तेलाच्या टाकीखाली, प्लेटिंगच्या जागी, ट्रान्सफॉर्मरच्या ओट्याजवळ, आणि प्रत्येक ठिकाणी वरचा थर, एक मीटर आणि भराव संपतो तिथपर्यंत. फक्त वरची माती घेतली तर काहीच कळणार नाही, कारण वर बहुतेकदा नंतर आणून टाकलेला मुरूम असतो. तुमच्या कॉलनीतल्या दोन-तीन बोअरचं पाणीही त्याच वेळी तपासून घ्या, ते मात्र तुमच्या खर्चानं आणि तुमच्या नावानं. आजच्या तारखेचा अहवाल तुमच्या हातात असेल तर उद्या खोदाईनंतर पाणी बिघडलं तर तुलना करायला काहीतरी राहील.

या मागणीला आता कायद्याचाही चांगला आधार आहे. केंद्र सरकारनं जुलै २०२५ मध्ये प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनानं किंवा स्थानिक संस्थेनं संशयित जागा स्वतःहून किंवा लोकांच्या तक्रारीवरून ओळखायच्या, राज्य मंडळाला कळवायच्या, मंडळानं तपासणी करायची, आणि प्रदूषण सिद्ध झालं तर सफाईचा खर्च ज्यानं प्रदूषण केलं त्याच्याकडून घ्यायचा, अशी त्याची रचना आहे. म्हणून तुमच्या अर्जाची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या आणि अर्जात या नियमांचा उल्लेख करा.

मी हे इतकं लांबवर का लिहितेय, त्याला कारण आहे. नोकरीत असताना दुसऱ्या एका जिल्ह्यात अशाच एका जुन्या कारखान्याच्या जागेची फाईल माझ्यासमोर आली होती. नकाशे बरोबर, इमारतीभोवती सोडायची सामासिक अंतरं बरोबर, एफएसआय, म्हणजे जागेच्या मानानं किती बांधता येतं तो हिशेब, बरोबर. मी शेरा मारून पुढं पाठवली. तळघरासाठी बारा-तेरा फूट खोदाई झाली, ती काळी माती हायवा ट्रकमध्ये भरून शहराबाहेरच्या एका सखल वस्तीत भराव म्हणून टाकली गेली. तिथल्या लोकांनी ती पैसे देऊन घेतली, कारण मुरमापेक्षा स्वस्त मिळाली. पुढच्या पावसाळ्यात त्या वस्तीतल्या एका आडाच्या पाण्यावर तेलाचा तवंग आला. ज्या बाईंनी मला तो आड दाखवला त्यांनी पोहरा वर काढला, त्यात बोट बुडवलं आणि माझ्या पुढं धरलं. बोट चमकत होतं. त्या पाण्यावर त्यांच्या घरातली धुणी-भांडी चालली होती. त्या फाईलवर माझी सही होती आणि नियमात कुठं चूक नव्हती. तेव्हापासून जुन्या कारखान्याची जागा म्हटलं की मी पहिला प्रश्न ‘माती कुठं जाणार’ हा विचारते.

तुमच्याकडं ओढ्याच्या कडेला ढीग लागलेत असं तुम्ही लिहिलंय, तर हे पत्र वाचून झाल्यावर आधी तिकडं जा. तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा, ढिगाला हात लावू नका, आणि आजच मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात आणि महापालिकेच्या तुमच्या विभागीय कार्यालयात तक्रार देऊन पोच घ्या. एक जोराचा पाऊस झाला की ते ढीग ओढ्यात, तिथून जयंती नाल्यात आणि पुढं पंचगंगेत. दुसरी तातडीची गोष्ट शेडचे पत्रे. जुन्या शेडवर करड्या रंगाचे सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे. ते घण घालून फोडायचे नसतात. पाणी मारून, अख्खे उतरवून, झाकून न्यायचे असतात. पाडणाऱ्या कामगारांच्या तोंडाला साधा रुमालसुद्धा नसतो, आणि ती धूळ तुमच्या पोरांच्या खोल्यांत येते. याबद्दल बोलायला परवानगीच्या टप्प्याची वाट बघायची गरज नाही.

पर्यावरण मंजुरीचा मुद्दा वेगळा आहे आणि इथं आकडे नीट बघावे लागतात. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणं २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पाला आधी पर्यावरण मंजुरी लागते. हे क्षेत्र म्हणजे एफएसआयचं क्षेत्र नव्हे. त्यात तळघर, पार्किंगचे मजले, जिने, सगळं धरायचं असतं. २२० फ्लॅट आणि तळघर म्हटल्यावर हा आकडा सहज ओलांडला जाईल असं मला वाटतं. तरी कागदावर एकोणीस हजार आठशे-नऊशे असा आकडा दिसला, किंवा आधी दोनच इमारतींचा प्रस्ताव आणि उरलेल्या दोन ‘भविष्यातला टप्पा’ म्हणून दाखवल्या, तर तिथं थांबा आणि लेखी विचारा. मंजुरीच्या या वर्गात जनसुनावणी होत नाही, त्यामुळं तुमचं म्हणणं राज्यस्तरीय समितीला आपणहून पाठवावं लागेल. मंजुरी निघाल्यावर ती चुकीची वाटली तर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या खंडपीठाकडं अपील करायला तीस दिवस असतात. हे दिवस भुर्रकन जातात, वेबसाइट बघत राहायला कॉलनीतल्या एका तरुणाला नेमा.

आता पाणी. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तुमची कॉलनी नदीपासून लांब असली तरी मागचा ओढा जयंती नाल्याला मिळतो, आणि पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी पुढं जात नाही, मागं पसरतं. जागा पूररेषेत आहे का हे बघताना निळी रेषा आणि लाल रेषा दोन्ही बघा. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, तिच्या आत बांधकाम नाही. लाल रेषा त्याहून मोठ्या, क्वचित येणाऱ्या पुराची. निळी आणि लाल यांच्यामध्ये बांधकाम होऊ शकतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर. इथं बिल्डर साहजिकच जागा भरून उंच करेल. त्यानं उंच केलेल्या जागेवर जे पाणी थांबत होतं ते जाणार कुठं? तुमच्याकडं. म्हणून २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठल्या घराच्या कितव्या पायरीपर्यंत आलं होतं, त्या खुणा शोधा, सर्व्हेअरकडून त्यांच्या पातळ्या घेऊन एका कागदावर मांडा, आणि प्रस्तावित जमीन-पातळी, तळघराच्या रॅम्पच्या तोंडाची पातळी आणि तुमच्या खुणा एकाच संदर्भावर दाखवायची मागणी करा. इतकी साधी तुलना मी फार थोड्या फायलींत पाहिली आहे. तळघर खोदताना झिरपणारं पाणी उपसून ओढ्यात सोडतात, तेही तपासल्याशिवाय सोडू नये हे त्यालाच जोडून लिहा.

सांडपाण्याचा हिशेब तुम्ही स्वतः करू शकता. २२० घरं, घरटी पाच माणसं, म्हणजे अकराशे. माणशी रोज १३५ लिटर धरले तर साधारण दीड लाख लिटर पाणी लागेल, आणि त्यातलं ऐंशी टक्के म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास सांडपाणी म्हणून बाहेर पडेल. काळम्मावाडी धरणातून शहराला येणारी थेट पाईपलाईन २०२३ च्या दिवाळीत सुरू झाली, त्यामुळं ‘पाणी उपलब्ध आहे’ असं उत्तर मिळेल. प्रश्न तुमच्या गल्लीतल्या वितरण वाहिनीचा व्यास किती आणि ड्रेनेजची लाईन हा भार घेईल का, हा आहे. शहराचं सांडपाणी कसबा बावडा आणि दुधाळीच्या प्रक्रिया केंद्रांवर जातं, पण तिथपर्यंत पोचायच्या आत चेंबर उफाळलं तर ते नाल्यातच जातं. प्रकल्पात स्वतःचं प्रक्रिया केंद्र असेल तर ते तळघरात ठेवलंय का बघा. पुरात बुडणारं प्रक्रिया केंद्र नको तेव्हाच बंद पडतं.

वाहतुकीबद्दल कॉलन्या पानंच्या पानं लिहितात. मी एवढंच सांगेन की नियमासाठी रस्त्याची जी रुंदी धरली आहे ती जागेवर मोजून घ्या आणि फाटकाचं तोंड शाळेसमोर येत नाही ना ते बघा. झाडं तोडायची असतील तर वृक्ष प्राधिकरणाची जाहीर नोटीस निघते आणि हरकतीला सात दिवस मिळतात. संपूर्ण प्रक्रियेत शेजाऱ्याला हक्कानं बोलता येणाऱ्या मोजक्या जागांपैकी ही एक आहे.

एक गोष्ट कॉलनीच्या निवेदनात नव्हती, ती मी आग्रहानं घालायला सांगते. औद्योगिक विभागातली जागा निवासी वापराला देताना, कारखाना बंद असेल तर कामगारांची कायदेशीर देणी दिल्याचं किंवा त्याबद्दल समझोता झाल्याचं कामगार आयुक्तांचं ना-हरकत पत्र लागतं. ते फाईलला आहे का, हे विचारा. या शहरात १९०६ साली शाहू महाराजांनी कापड गिरणीची पायाभरणी केली. त्या शाहू मिलपासून उद्यमनगरच्या भट्ट्यांपर्यंत या जमिनींची किंमत कामगारांच्या घामानं वाढली आहे. ज्यांची ग्रॅच्युइटी अजून अडकली आहे अशी चार-पाच माणसं तुमच्याच गल्लीत असतील.

आता हे सगळं बसवायचं कुठं? सीसीच्या अटींत. बैठकीत दिलेला शब्द, ब्रोशरमधली हिरवळ, साहेबांनी फोनवर सांगितलेलं, यातलं काहीही दोन वर्षांनी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जायची परवानगी, देताना उघडून बघितलं जात नाही. तेव्हा सीसीमागचा अटींचा कागद आणि मंजूर नकाशा एवढंच टेबलावर असतं. म्हणून निवेदनाच्या शेवटी अटींचा मसुदाच द्या: माती व भूजल तपासणीचा अहवाल प्रदूषण मंडळानं स्वीकारल्याशिवाय खोदाई सुरू करू नये. खोदलेल्या मातीची वाहन क्रमांक, वजन आणि पोचलेलं ठिकाण अशी नोंद ठेवून दर महिन्याला महापालिकेला द्यावी. प्रदूषित ठरलेली माती अधिकृत घातक कचरा प्रकल्पातच जावी. जोत्यापर्यंत काम आल्यावर होणाऱ्या जोता तपासणीच्या वेळी पूर पातळीचा दाखला जोडावा. आणि सफाई पूर्ण झाल्याचं मंडळाचं पत्र आल्याशिवाय भोगवटा देऊ नये. शेवटची अट बिल्डरच्या दृष्टीनं सगळ्यात जड, कारण त्याचे पैसे तिथं अडकतात. म्हणून तीच पहिल्यांदा गळते. ती धरून ठेवा.

बिल्डरशीही बोला. चांगला बिल्डर हे ऐकतो, कारण फ्लॅट विकल्यावर तळघरात फिनेलचा वास यायला लागला तर त्याचंही नाव जातं. गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद, मंजूर नकाशे आणि जागेवरचे दावे बघायला मिळतात. त्याच्याकडून मिळालेला कागद आणि तिथला कागद जुळतो का, तेवढं पाहून ठेवा. आणि सगळीकडून दारं बंद झालीच, तर ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. पूर्वी मुंबईच्या फेऱ्यांच्या खर्चानंच लोक गप्प बसायचे, ती अडचण आता नाही. पण कोर्टात जाताना हातात आवक क्रमांक असलेले अर्ज, माहिती अधिकारातली उत्तरं आणि तुमच्या बोअरचा अहवाल असायला हवा.

या रविवारी एक काम करा. त्या फौंड्रीत काम केलेल्या मोल्डर, कोअरमेकर, भट्टीवाल्यांना कॉलनीच्या हॉलमध्ये चहाला बोलवा. जागेचा मोजणी नकाशा मोठा करून टेबलावर पसरा आणि त्यांच्या हातात लाल पेन्सिल द्या. वाळू कुठं टाकायचे, तेलाचं पिंप कुठं ठेवायचे, कुठला खड्डा कधी बुजवला, हे त्यांना दाखवू दे. प्रत्येक खुणेपुढं नाव, काम केलेली वर्षं आणि सही घ्या. ती माणसं आज सत्तरीत आहेत आणि त्या खड्ड्यांचा दुसरा कुठलाही नकाशा नाही. नमुने कुठं घ्यायचे या प्रश्नावर सोमवारी नगरसेवकांकडं जाताना तोच कागद वरती ठेवा.